डोंगरी कुत्रा आणि दख्खनची पारख

मोठ्या, केसाळ, डोंगरी कुत्र्याची हौस शहरी घरांना पुष्कळ वर्षांपासून आहे. सोलापूरसारख्या गांवांतहि सेंट बर्नार्डचें किंवा बर्नीज जातीचें पिलूं आणण्याचा विचार निघाला, कीं पहिला प्रश्न येतो तो ‘जात शुद्ध आहे ना?’ असा. हा प्रश्न दिसतो तितका जुना नाहीं. शुद्ध जातीची कल्पना कशी घडली हें ध्यानांत घेतलें, म्हणजे निरोगी कुत्रा कसा निवडावा याचें उत्तरहि बव्हंशीं हातीं येतें.

प्राचीन काळीं कुत्र्याची पारख त्याच्या कामावरून होत असे. हिंदुस्थानी कुत्र्यांच्या पोषणासाठीं बाबिलोनच्या इराणी सुभेदारानें चार मोठीं गांवें लावून दिलीं होतीं, आणि त्या गांवांना इतर कर माफ होते, असें हेरोडोटस सांगतो. तिबेटांतील कुत्रे गाढवाएवढे असल्याचें मार्को पोलोनें नमूद केलें आहे. या वर्णनांत बळाची व आकाराची स्तुति आहे. वंशावळीचा उल्लेख नाहीं.

दख्खनचा दाखला याहून बोलका आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचें मळखेड, सोलापूरच्या पूर्वेस फार दूर नाहीं. त्या घराण्याचा राजा तिसरा कृष्ण याच्या काळांतील, इ. स. ९५० च्या सुमाराचा एक शिलालेख कर्नाटकांत आतकूर येथें सांपडला. गंग राजा बूतुग याचा सेवक मनलेर यानें पराक्रमाचें बक्षीस म्हणून ‘काळी’ नांवाचा कुत्रा मागून घेतला. पुढें रानडुकराशीं झुंजतांना डुक्कर व कुत्रा दोन्ही मेले, आणि कुत्र्याच्या स्मरणार्थ दगड उभारून जमीन तोडून दिली. शूर सेवकानें धनापेक्षां कुत्रा अधिक मोलाचा मानावा, यांतच त्या काळची पारख दिसते.

सोलापूर जिल्ह्याच्या माळरानावर हीच रीत मेंढपाळांनीं चालविली. नान्नजच्या माळावर लांडगे आजहि आहेत. तेव्हां कळपाची राखण न करणारा कुत्रा धनगराच्या कामाचा नव्हे. पुष्कळ धनगर घराण्यांचा कुलस्वामी जो खंडोबा, त्याच्या परिवारांतहि कुत्र्याला मान आहे. सोलापूर, सांगली, विजापूर या पट्ट्यांत शिकारीसाठीं कारवानी कुत्रा पाळला गेला. लांब तोंड, खोल छाती, आंखूड केस आणि बारीक कंबर हीं त्याचीं लक्षणें. कानांवर व शेपटीवर लांब केस असलेल्याला पश्मी म्हणतात. काफिल्यांबरोबर वायव्येकडून आला म्हणून ‘कारवानी’, अशी व्युत्पत्ति सांगतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनीं या कुत्र्याला आश्रय दिला, म्हणून ‘मुधोळ’ हेंहि नांव रूढ झालें. ९ जानेवारी २००५ रोजीं निघालेल्या टपाल तिकिटांवर तो याच नांवानें आला. आजहि एक संस्था त्याची नोंद कारवानी म्हणून करते, तर दुसरी मुधोळ म्हणून. कुत्रा तोच, नांव वहीचें.

ही वहीची पद्धत युरोपांतून आली. आल्प्स पर्वतांतील ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडींत मठवासी कुत्रे पाळीत. त्यांतील ‘बॅरी’ (१८००–१८१४) यानें चाळीसांवर माणसें वांचविलीं अशी ख्याति आहे; त्याचें भरलेलें शरीर बर्नच्या संग्रहालयांत आहे. तो आजच्या सेंट बर्नार्डपेक्षां पुष्कळ हलका होता. पुढें न्यूफाउंडलंड जातीशीं संकर झाला. परंतु लांब केसांत बर्फ गोठूं लागल्यानें तीं पिलें मठाला निरुपयोगी ठरलीं आणि खालच्या गांवांत दिलीं गेलीं. लोकांना मात्र तींच आवडलीं. १८७३ सालीं लंडनमध्यें केनेल क्लब निघाला, १८८७ सालीं झुरिच येथें सेंट बर्नार्डचें प्रमाण ठरलें, आणि पारख कामाकडून डोळ्यांकडे गेली.

याची किंमत कुत्र्यांनीं दिली. वही बंद केली म्हणजे थोड्याच पूर्वजांचें रक्त पुनः पुनः मिसळतें, आणि दोष पक्के होतात. खुब्याचा सांधा सैल असण्याचा विकार १९३५ सालीं प्रथम नोंदला गेला. मोठ्या जातींत तो विशेष आढळतो. बर्नीज कुत्र्याचें आयुष्य बहुधा सात-आठ वर्षांचेंच असतें, आणि कर्करोग हें त्याचें एक मोठें कारण आहे.

म्हणून वंशावळीचा कागद पाहावा, पण तेवढ्यावर थांबूं नये. पिलाची आई प्रत्यक्ष पाहावी. ती चालतांना मागचे पाय सरळ पडतात कीं नाहीं हें न्याहाळावें. आईबापांच्या खुब्यांचीं क्षकिरण-चित्रें मागावींत; आजेआजी किती वर्षें जगलीं तें विचारावें. आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं घेऊं नये, आणि आणल्यावर लौकर मोठें व्हावें म्हणून त्याला अति चारूं नये; वेगानें वाढणारे सांधे बिघडतात.

सर्वांआधीं हवा पाहावी. सोलापुरांत उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं. धापा टाकूनच त्याला अंग निववावें लागतें. बर्फासाठीं घडलेली दुहेरी लोंकर येथें त्याच्या जिवावर बेतते. ज्या घराला मोठा, देखणा, इमानी कुत्रा हवा आहे, त्यानें आल्प्सकडे पाहण्यापूर्वीं आपल्याच माळावर नजर टाकावी. तेथें शतकानुशतकें उन्हानें व लांडग्यानें निवड केलेली आहे.