विनामूल्य, पण बेवारस नव्हे : खुल्या कोडचा परवाना आणि त्यावरील वाद

१/ बीबी हे बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील गाव. तेथे विकत घेतलेल्या कोणत्याही अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्स असते. लिनक्सचा कोड विनामूल्य मिळतो, परंतु तो बेवारस नाही. हा भेद विसरल्यामुळे बड्या कंपन्यांनाही न्यायालयाची पायरी चढावी लागली.

२/ १९८९ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स, अर्थात जीपीएल, प्रसिद्ध केले. त्याचे सार असे : कोड घ्या, बदला, विका, मात्र ज्याला प्रोग्रॅम द्याल, त्याला सोर्स कोडही त्याच अटींवर द्या. १९९२ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सला हाच परवाना लावला.

३/ पहिला गाजलेला वाद लिंक्सिसच्या वाय-फाय राउटरचा. त्यात लिनक्स होते, सोर्स कोड मात्र दिलेला नव्हता. प्रोग्रॅमरांनी हे उघडकीस आणल्यावर २००३ साली तो खुला झाला आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. तक्रारी तरीही थांबल्या नाहीत. डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने लिंक्सिसची मालक कंपनी सिस्को हिच्यावर दावा लावला. मे २००९ मध्ये तडजोड झाली.

४/ असा परवाना न्यायालयात टिकतो का? २००४ साली म्युनिकच्या न्यायालयाने हाराल्ड वेल्टे यांच्या दाव्यात साइटकॉम कंपनीविरुद्ध मनाई हुकूम कायम केला. तर्क सरळ आहे. अट मोडली की परवानगी संपते; उरते ते कॉपीराइटचे उल्लंघन. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही आज संगणक प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’त मोडतो.

५/ या इतिहासाचा एक धागा पुण्यातून जातो. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टची संकेतरचना निराळी असे. एका फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्यात अगम्य होई. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आलेले युनिकोड फॉन्ट रेड हॅटने जीपीएलखाली खुले केले. त्यांचे नाव ‘लोहित’, म्हणजे तांबडा.

६/ फॉन्टमुळे नवा पेच उभा राहिला. फॉन्ट दस्तऐवजातच अंतर्भूत केला, तर जीपीएलची अट त्या मजकुरालाही लागू होईल काय? २०११ साली लोहितला ओपन फॉन्ट लायसन्स लागू झाले. फॉन्ट वापरून तयार केलेल्या दस्तऐवजाला ही अट लागत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

७/ पुढे याच रेड हॅटवर टीकेची वेळ आली. २०१९ साली आयबीएमने ती विकत घेतली. जून २०२३ मध्ये आपल्या व्यावसायिक लिनक्सचा नेमका सोर्स कोड सर्वांसाठी उघडा ठेवणे तिने थांबवले. तो यापुढे ग्राहकांनाच. कंपनीचा युक्तिवाद असा की, ज्याला प्रोग्रॅम दिला त्याला कोड दिला म्हणजे जीपीएल पाळले गेले. टीकाकारांच्या मते अक्षर पाळले, आशय हरवला.

८/ फोनच्या सेटिंग्जमध्ये कायदेशीर माहितीखाली या परवान्यांची लांबलचक यादी सापडते. ती सहसा कोणी वाचत नाही. परंतु त्या यादीतील जीपीएलनुसार, फोनमधील लिनक्सचा सोर्स कोड निर्मात्याकडे मागण्याचा अधिकार बीबीतील ग्राहकालाही तितकाच आहे, जितका म्युनिकमधील प्रोग्रॅमरला.