मातीचे मावळे आणि पखालजी

दिवाळी आली की महाराष्ट्रात अंगणात, जिन्याखाली, सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ले उभे राहतात. विटा, दगड, गोणपाट, वरून लाल मातीचा लेप आणि त्यावर अळीव पेरून उगवलेली कोवळी हिरवळ. माथ्यावर सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज आणि खाली उतरत्या वाटांवर मातीचे मावळे. किल्ला बांधायला हात लागतो तेव्हा कोण कुठल्या घरचा हे कुणी विचारत नाही. आमच्या मोहल्ल्यातली पोरंही पाट्या भरभरून माती वाहायची.

या खेळातला अवघड भाग किल्ल्याचा नसतो, खरेदीचा असतो. समजा, मुलाच्या मुठीत शंभर रुपये आहेत. घोडेस्वार महाग, तोफ त्याहून महाग, भालेवाला स्वस्त. एक तोफ घेतली तर चार भालेवाले कमी होतात. दरवाजावर पहारेकरी तर हवाच. मग तोफ घ्यायची की बुरुज भरायचे? बाजारात मातीच्या चित्रांच्या ढिगापुढे उकिडवा बसलेला तो मुलगा सेनापतीचा पहिला धडा गिरवत असतो. फौज म्हणजे आपल्याला काय हवं याची यादी नव्हे. कशावाचून आपलं भागेल, याचा तो निर्णय असतो.

हाच निर्णय मध्यभागी ठेवून परदेशात एक मोठा खेळ उभा राहिला आहे. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर बनवलेल्या टेकड्या, झाडी, पडकी घरं आणि दोन्ही बाजूंना अडीच-तीन सेंटिमीटर उंचीच्या, हाताने रंगवलेल्या बाहुल्यांच्या फौजा. यातल्या बऱ्याच फौजा अद्भुत कथांतल्या असतात. कुणाकडे बुटक्यांचे तोफखाने, कुणाकडे राक्षसांच्या झुंडी, कुणाकडे पंख असलेले अजगर. प्रत्येक बाहुलीला गुणांत किंमत ठरवून दिलेली असते. दोघांनी मिळून आकडा ठरवायचा, समजा २००० गुण, आणि तेवढ्यात आपापली फौज बसवायची. मग टेप घेऊन इंचांनी चाल मोजायची आणि फासे टाकून वार लागला की चुकला ते ठरवायचं. इंग्लंडमध्ये १९८३ साली निघालेला ‘वॉरहॅमर’ हा यातला सर्वांत गाजलेला खेळ. त्याचं जुनं रूप २०१५ साली बंद झालं आणि २०२४ साली नव्या नावाने परत आलं.

ऐकताना हे सगळं परकं वाटतं. पण याचं मूळ शोधत गेलं तर आपण आपल्याच पटावर येऊन पोचतो. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं: रथ, हत्ती, घोडा आणि पायदळ. हा खेळ इराणात गेला, तिथे त्याच्या नावाचा उच्चार बदलत शतरंज झाला आणि अरबांच्या हातून तो युरोपात पोचला. आपल्याकडच्या पटावरून पुढे रथ उतरला आणि उंट चढला. बुद्धिबळात मात्र एक गोष्ट कायम राहिली. दोन्ही फौजा सारख्या आणि आधीच ठरलेल्या. मला दोन घोडे नकोत, त्याऐवजी चार प्यादी द्या, असं इथे म्हणता येत नाही.

महाभारताने मात्र फौजेचा हिशेबही मांडून ठेवला आहे. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि पाच पायदळ मिळून एक पत्ती. ती तिपटीने वाढवत वाढवत, शेवटी दसपट करून अक्षौहिणी होते: २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. कौरवांकडे अशा अकरा आणि पांडवांकडे सात. आणि उद्योगपर्वातला तो प्रसंग आठवा. एकीकडे कृष्णाची नारायणी सेना, दुसरीकडे शस्त्र न धरणारा एकटा कृष्ण. अर्जुनाने कृष्ण मागितला, दुर्योधनाने सेना, आणि दोघेही खूश होऊन परतले. आज टेबलाशी बसलेला खेळाडूही तेच कोडं सोडवत असतो. सगळे गुण एका वीरावर घालवायचे की शंभर शिपाई घ्यायचे?

बुद्धिबळाचा पट मोडून त्याचं रणांगण करण्याचं काम जर्मन मुलखात झालं. १७८० साली ब्रन्सविकच्या हेलविग नावाच्या शिक्षकाने शेकडो चौकोनांचा पट केला आणि डोंगर, पाणी, दलदल यांना वेगवेगळे रंग दिले. म्हणजे जमीन खेळात आली. १८१२ साली प्रशियाच्या राजाला रायसविट्झ यांनी प्लॅस्टरच्या उंचसखल भूमीचं टेबल नजर केलं. त्यांच्या मुलाने १८२४ साली खऱ्या नकाशावर खेळायचे नियम छापले. त्यात फासे आले आणि पंचही आला. शत्रूचं जे प्रत्यक्षात दिसलं असतं, तेवढंच पंच सांगणार. प्रशियाच्या सैन्याने हा खेळ शिक्षण म्हणून उचलला आणि १८७०-७१ साली फ्रान्सचा पराभव झाल्यावर इतर देशांच्या सैन्यांनीही त्याचा अभ्यास सुरू केला.

त्याला परत दिवाणखान्यात आणलं एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने. १९१३ साली त्याने ‘लिटल वॉर्स’ नावाचं छोटं पुस्तक काढलं. जमिनीवर मांडलेले खेळण्यातले शिपाई आणि लाकडाची गोळी उडवणारी स्प्रिंगची तोफ. पुढे १९७१ साली अमेरिकेत ‘चेनमेल’ या नियमपुस्तकाला जादूगार आणि अजगरांची पुरवणी जोडली गेली, आणि इतिहासातल्या फौजांशेजारी परीकथेतल्या फौजा उभ्या राहिल्या.

अजगर आले तरी डावपेच मात्र जुनेच राहिले. वॉरहॅमरच्या जुन्या नियमांत समोरून केलेल्या हल्ल्यापेक्षा बगलेवरचा हल्ला भारी आणि पाठीवरचा त्याहून भारी. झाडीत आणि चिखलात चाल मंदावते. शेजारची तुकडी मोडली तर आपल्या तुकडीचं धैर्य टिकतं का, हे फाशांवर पाहायचं. आणि एक खास सोय अशी की शत्रू अंगावर आला तर उभं न राहता पळण्याची मुभा. चांगला खेळाडू हलकी तुकडी मुद्दाम पुढे ठेवतो. शत्रूचे जड घोडेस्वार तिच्यावर धावले की ती पळते, ते अधांतरी थांबतात आणि त्यांची बगल उघडी पडते. हे आपल्याला नवं नाही. याला आपण गनिमी कावा म्हणतो.

आता ही सगळी पोथी घेऊन दिघीच्या धक्क्यावर या. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे राजपुरी गाव आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यातून थेट उभा राहिलेला जंजिरा. डोंगरात अजिंक्य ठरलेली फौज या पाण्याशी येऊन अडली.

शिवरायांच्या मावळ्यांची फौज सह्याद्रीसाठी घडवलेली होती. हलके शिपाई, चपळ घोडी, थोडं सामान. इथे घोडी चालत नाहीत आणि पळण्याचं सोंग करावं तर शत्रू तटाबाहेर येत नाही. सिद्दीची फौज त्या मानाने लहान, पण ती याच जागेसाठी बांधलेली. चहूकडे समुद्र, तटावर तोफा, आत गोड्या पाण्याचे तलाव आणि १६७० नंतर मोगलांचा सुरतेकडून आधार.

महाराजांनी हे ओळखलं होतं, म्हणून त्यांनी नवी फौज उभी केली, ती पाण्यावरची. गुराब, गलबत, शिबाड, तरांडे, मचवे. त्यावर कोळी, भंडारी आणि किनाऱ्यावरचे मुसलमान खलाशी. आरमाराच्या सरदारांत दर्यासारंग आणि दौलतखान ही नावं ठळक आहेत.

तरीही १६७१ साली राजपुरीच्या किनाऱ्यावर सिद्दीनेच कावा साधला. इतिहासकार खाफीखान सांगतो की होळीची रात्र होती आणि मराठ्यांच्या दंडा-राजपुरीच्या ठाण्यात सण चालला होता. सिद्दी खैर्यत जमिनीच्या बाजूने काही शे माणसं घेऊन गोंगाट करत आला. शिबंदी तिकडे धावली. तेवढ्यात सिद्दी कासीमने समुद्राच्या बाजूने होड्या आणून तटाला शिड्या लावल्या. समोरून आवाज, बगलेवरून घाव. टेबलावर हा डाव पाहिला असता तर आपण टाळी दिली असती. इथे मात्र दारूचं कोठार उडालं आणि त्या रात्री माणसं मेली.

पुढे महाराजांनी मुरुडसमोरच्या कासा बेटावर पद्मदुर्ग बांधायला घेतला, म्हणजे शत्रूच्या छातीवर आपली चौकी. या कामाबद्दलचं १६७५ सालचं महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. ते प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेलं आहे. त्यात तलवारीची गोष्ट नाही. दौलतखान आणि दर्यासारंग यांच्याकडे पैसा आणि धान्य पोचवायचं होतं, ते पोचलं नाही. त्याबद्दल महाराजांनी सुभेदाराला अत्यंत कडक शब्दांत धारेवर धरलं आहे. आरमार तयार, सरदार तयार, बेट ताब्यात. अडलं ते धान्याच्या पोत्याशी.

लाय पाटलांची गोष्ट तर या किनाऱ्यावर आजही सांगतात. या कोळी सरदाराने रात्रीच्या अंधारात साथीदारांसह जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या आणि मागून येणाऱ्या मोरोपंतांच्या माणसांची वाट पाहिली. ती वेळेवर आली नाहीत. उजाडायला लागलं तेव्हा शिड्या काढून घेऊन ते परतले. महाराजांनी त्यांना पालखीचा मान देऊ केला. पाण्यावरच्या माणसाला पालखी काय कामाची, असं म्हणून त्यांनी ती नाकारली, तेव्हा ‘पालखी’ नावाचं गलबत त्यांना दिलं, अशी ही कथा आहे. टेबलावर दोन्ही तुकड्या आपल्या नजरेसमोर असतात. अंधारात, ओहोटीच्या वेळी, एक तुकडी दुसरीला दिसत नाही.

संभाजी महाराजांनी १६८२ साली समुद्रात दगडांचा भराव टाकून किल्ल्यापर्यंत वाट करायला घेतली. त्याआधी कोंडाजी फर्जंद फितुरीचं सोंग घेऊन आत गेले, बेत उघडकीला आला आणि ते मारले गेले. मोगलांची फौज कल्याणच्या बाजूला उतरल्यामुळे संभाजी महाराजांना परतावं लागलं आणि भराव अर्धाच राहिला. जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं ते १९४८ साली, एकही शिडी न लावता.

या पराभवांत शौर्याची कमतरता कुठेच नाही. कमी पडली ती वेळ, रसद आणि एका आघाडीवर लढताना दुसरी राखायला लागणारी माणसं. नेमक्या या गोष्टी खेळाच्या यादीत सहसा नसतात. त्या यादीत वीर असतो, झेंडेवाला असतो, अजगरसुद्धा असतो. पण अजगर खातो काय आणि त्याला पाणी कोण पाजतं, याला गुण लागत नाहीत.

म्हणून मला सभासदाच्या बखरीतली एक नोंद फार मोलाची वाटते. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बसून कृष्णाजी अनंत सभासदाने शिवरायांच्या फौजेची रचना लिहून ठेवली. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमलेदारांवर एक हजारी. आणि त्याच हिशेबात, दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पखालजी म्हणजे कातडी पखालीतून पाणी वाहणारा आणि नालबंद म्हणजे घोड्याच्या टापांना नाल ठोकणारा. या दोघांच्या नावाने पोवाडा नाही, दिवाळीच्या बाजारात त्यांचं मातीचं चित्र मिळत नाही. पण ज्याने ही फौज बांधली, त्याने त्यांना मोजलं होतं. त्यांच्यावाचून पंचविसावा घोडा काय, पहिलासुद्धा चालत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

गझलेच्या शेराला दोनच ओळी असतात. तिथेही प्रत्येक शब्दाला किंमत मोजावी लागते, आणि चमकदार शब्दासाठी साधा शब्द हाकलला की ओळ लंगडते. फौजेचंही तसंच असावं.

मग मुलांनी युद्धाचे खेळ खेळावेत की नाही? वेल्सचं उत्तर सरळ होतं. हे छोटं युद्ध खऱ्यापेक्षा कितीतरी बरं, आणि जो ते तीनचारदा खेळेल त्याला मोठं युद्ध किती गोंधळाची चीज असेल हे उमगेल, असं त्याचं म्हणणं होतं. पुस्तक आलं १९१३ साली. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. ज्यांनी ते सुरू केलं त्यांपैकी कित्येकांच्या सैन्यांत नकाशावरचे युद्धखेळ रोजच्या सरावातले होते. खेळ येणं आणि खेळाचा अर्थ कळणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

खेळू द्यावं, असंच मी म्हणेन. बगल कशी राखावी, जमीन कशी वाचावी, थोडक्यात कसं भागवावं, हे मातीच्या शिपायांकडून शिकणं स्वस्त पडतं. दिवाळीनंतर पावसाची सर आली तर मावळा विरघळतो आणि पुढच्या वर्षी नवा मिळतो. फक्त किल्ला मांडून झाला की मुलाला एक प्रश्न विचारावा: बाळा, यांना पाणी कोण देतं? त्याने जर मातीचा एक गोळा उचलून, बोटांनी दाबून, पाठीवर पखाल घेतलेला एक ओबडधोबड माणूस केला आणि वाटेवर उभा केला, तर युद्धाबद्दल जे कळायला हवं ते त्याला कळायला लागलं, असं समजावं.