परदेशी शिक्षण : जोडीदार आणि मुले सोबत नेताना

परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या विवाहित विद्यार्थ्यासमोर शुल्काइतकाच मोठा प्रश्न असतो तो जोडीदार आणि मुले सोबत येऊ शकतील का, हा. याचे उत्तर बहुतेक देशांत अभ्यासक्रमाच्या पातळीवर ठरते. म्हणून ते प्रवेश निश्चित करण्यापूर्वीच शोधावे लागते. व्हिसाच्या कायद्यातील ‘कुटुंब’ आपल्या घरांहून फार लहान असते. त्यात पती किंवा पत्नी आणि अल्पवयीन मुले बसतात. आईवडील, सासूसासरे, धाकटा भाऊ यांना त्यात सहसा जागा नाही. त्यांना पर्यटक म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो.

सर्वांत मोठा बदल झाला तो ब्रिटनमध्ये. एका वर्षाच्या एम.ए. किंवा एमएस्सीसाठी जाणारा विद्यार्थी पूर्वी कुटुंब नेऊ शकत असे. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ही सोय बंद झाली. आता पीएच.डी. वा संशोधनप्रधान पदव्युत्तर पदवी घेणारे, आणि सरकारी शिष्यवृत्तीवर सहा महिन्यांहून अधिक काळाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम करणारे, एवढ्यांनाच अवलंबितांसाठी अर्ज करता येतो. एजंट ‘आधी तुम्ही जा, नंतर बघू’ असे सांगतात, तेव्हा हा नियम आठवावा. शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावरही, विद्यार्थिदशेत अवलंबित नसलेल्या जोडीदाराला नव्याने बोलावता येत नाही. मार्ग उरतो तो कुशल कामगार व्हिसाचा, आणि त्यासाठी ठरावीक वेतनाची नोकरी आधी हाती यावी लागते.

ज्यांना परवानगी आहे त्यांनी खर्चाचा हिशेब कागदावर मांडावा. लंडनबाहेर प्रत्येक अवलंबितामागे दरमहा ६८० पौंड, असे नऊ महिन्यांचे ६,१२० पौंड खात्यात दाखवावे लागतात. लंडनमध्ये हा दर ८४५ पौंड आहे. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, त्यामुळे अर्जाच्या आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून गोळा केलेला पैसा उपयोगी पडत नाही. याखेरीज आरोग्य अधिभार माणशी वर्षाला ७७६ पौंड असतो आणि तो संपूर्ण मुदतीसाठी एकदम भरावा लागतो. तीन वर्षांच्या पीएच.डी.ला व्हिसाची मुदत तीन वर्षांहून काही महिने अधिक मिळते, म्हणजे पत्नी आणि एका मुलाचा अधिभारच साधारण ५,४३२ पौंड होतो. त्या बदल्यात जोडीदाराला नोकरी करता येते आणि मुलांना सरकारी शाळेत शुल्क नसते. मूल मात्र एकाच पालकासोबत नेता येत नाही. दोघेही तिथे असावे लागतात. मुलाची संपूर्ण जबाबदारी एकाच पालकावर असेल, तर तो अपवाद.

कॅनडात जोडीदाराच्या खुल्या कामाच्या परवान्यावर २१ जानेवारी २०२५ पासून मर्यादा आली. किमान १६ महिन्यांची मास्टर्स पदवी, डॉक्टरेट किंवा निवडक व्यावसायिक पदव्या घेणाऱ्यांच्या जोडीदारांनाच तो मिळतो. महाविद्यालयीन डिप्लोमा निवडणाऱ्या कुटुंबाने दोन पगारांचे गणित मनातून काढून टाकावे. जोडीदार अभ्यागत म्हणून जाऊ शकतो, पण कमावू शकत नाही.

अमेरिकेत एफ-१ विद्यार्थ्याचा जोडीदार आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले एफ-२ व्हिसावर जातात. एफ-२ धारकाला कोणतीही नोकरी करता येत नाही. मुले शाळेत जाऊ शकतात, जोडीदाराला शिकायचे असल्यास ते अर्धवेळच. स्वतःची कारकीर्द सोडून गेलेल्या जोडीदारासाठी ही वर्षे जड जातात, आणि हे आकडेमोडीत कुठेच दिसत नाही. जे-१ व्हिसावरील व्यक्तीच्या जोडीदाराला कामाच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो. परंतु काही जे-१ धारकांना नंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते, आणि ती जोडीदारालाही लागू होते.

ऑस्ट्रेलियाच्या अर्जात एक जागा नीट पाहावी. कुटुंबातील व्यक्ती आत्ता सोबत येणार नसली तरी तिची नोंद पहिल्याच अर्जात करावी लागते. ती राहिली तर पुढे बोलावणे अवघड होते. मास्टर्स वा डॉक्टरेट करणाऱ्याच्या जोडीदाराला तिथे कामाच्या तासांची मर्यादा नाही, इतरांना पंधरवड्याला ४८ तासांची आहे. जर्मनीत जोडीदार काम करू शकतो, पण विद्यार्थ्याच्या जोडीदाराकडून सहसा ए-१ पातळीचे जर्मन आणि पुरेशा जागेचा पुरावा मागितला जातो.

गोव्यातील काही घरांत पोर्तुगीज पासपोर्ट असतो. अशी व्यक्ती जर्मनी, आयर्लंड अशा दुसऱ्या युरोपीय संघदेशात शिकायला गेली, तर पुरेसा पैसा आणि आरोग्यविमा असल्यास भारतीय पासपोर्टवरील जोडीदाराला आणि अवलंबित मुलांना सोबत राहण्याचा हक्क मिळतो. आईवडिलांना हा हक्क विद्यार्थ्याच्या नात्याने आपोआप मिळत नाही. ब्रिटनमध्ये युरोपीय मुक्त संचार २०२० अखेर संपला. तिथे नव्याने शिकायला जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकालाही विद्यार्थी व्हिसाच लागतो.

प्रकरणे अडकतात ती बऱ्याचदा कागदांवर. गोव्यात नागरी निबंधकाकडे पहिली सही झाली म्हणजे विवाह पूर्ण होत नाही; दुसऱ्या सहीनंतरचे प्रमाणपत्रच ग्राह्य असते. देवळातील वा हॉलमधील सोहळ्याचे फोटो त्याची जागा घेऊ शकत नाहीत. एकच आडनाव कुठे पोर्तुगीज वळणाच्या, कुठे इंग्रजी वळणाच्या स्पेलिंगने लिहिलेले असते. विवाहाचे व मुलांच्या जन्माचे प्रमाणपत्र आणि पासपोर्ट यांतील अशी तफावत अर्जापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी. जिथे अपोस्टिल मागितले जाते, तिथे राज्य पातळीवरील साक्षांकनानंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून ते घ्यावे लागते. मूळ प्रमाणपत्रात नंतर दुरुस्ती झाली, तर ही सगळी फेरी पुन्हा सुरू होते.