दह्यांतल्या बटाट्याची वंशावळ

आषाढी एकादशीचे दिवशीं नगर जिल्ह्यांतील कोणत्याही मध्यम स्थितींतील घराच्या स्वयंपाकघरांत डोकावून पाहावें. उकडून सोललेल्या बटाट्यांच्या फोडी, घट्ट दहीं, दाण्याचें कूट, हिरवी मिरची, चिमूटभर साखर, आणि वरून साजूक तुपांत तडतडलेल्या जिऱ्याची फोडणी, एवढ्या सामग्रीची जी शुभ्र, मऊ व किंचित् आंबटगोड कोशिंबीर तेथें सिद्ध होत असते, तिच्याइतका सोंवळा पदार्थ वर्षांत दुसरा क्वचितच होत असेल. भात त्या दिवशीं वर्ज्य, भाकरी वर्ज्य, डाळ वर्ज्य. बटाट्यास मात्र थेट देवघरापर्यंत मज्जाव नाहीं. हा पदार्थ पूर्वापार चालत आलेला आहे, अशीच घरांतील सर्वांची समजूत असते. या समजुतीची थोडी चौकशी करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चौकशीस आरंभ नेवाशापासून करणें सोयीचें. प्रवरेच्या कांठच्या याच गांवीं शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सांगून पुरी झाली. एकादशी तेव्हांही होतीच. परंतु वरील यादींतून त्या एकादशीस न मिळणारे जिन्नस वगळावयास बसलें, तर प्रथम बटाटा जातो, त्यामागून मिरची जाते, आणि तिच्यामागून शेंगदाणाही जातो. ताटांत उरतें तें दहीं, तूप, जिरें, मीठ आणि साखर! हे तिन्ही गेलेले जिन्नस अमेरिका खंडांतले. आणि कोलंबस त्या खंडाच्या किनाऱ्यास लागला तो १४९२ मध्यें, ज्ञानेश्वरीनंतर दोनशें वर्षांनीं. साबुदाण्याच्या खिचडीची गतही निराळी नाहीं. आपल्याकडील साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून होतो, तोही मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. फार काय, ज्या रताळ्यास आपण उपवासाचें अगदीं कुलदैवत समजतों, तें सुद्धां तिकडचेंच.

नगर शहर वसलें १४९० च्या सुमारास. म्हणजे अमेरिकेचा शोध आणि नगरची स्थापना या एकाच पिढीच्या गोष्टी होत. निजामशाहीचा पोर्तुगीजांशीं संबंधही लवकर आला. चौल हें निजामशाहीचें बंदर, आणि त्याच्याच शेजारीं १५२१ मध्यें पोर्तुगीजांनीं आपला कोट बांधावयास घेतला. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं गार्सिया द ओर्ता नांवाच्या पोर्तुगीज वैद्याचें येणेंजाणें होतें; हिंदुस्थानांतील औषधी द्रव्यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्यें गोव्यास छापला गेला. एवढें सगळें जुळून आलेलें पाहून आपला बटाटा याच वैद्याच्या पेटींतून नगरास आला असें म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरला पाहिजे. पेरूच्या उंच डोंगरांतला हा कंद खुद्द स्पेनांत दिसूं लागला तोच १५७० नंतर. चांदबिबीनें १५९५-९६ मध्यें मोंगलांच्या वेढ्यास तोंड दिलें, तेव्हां किल्ल्याच्या कोठारांत काय काय भरलें असेल तें असो, बटाटा खास नव्हता.

पोर्तुगीजांकडून आपल्यास बटाट्याचें नांव मिळालें हें मात्र निर्विवाद. या नांवाचाही प्रवास मौजेचा आहे. ‘बटाटा’ हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांतील लोकांचा, आणि त्यांच्या तोंडीं तो रताळ्यास लागत असे. स्पॅनिश व पोर्तुगीज दर्यावर्दींनीं तो उचलला, आणि पुढें पेरूचा कंद हातीं आल्यावर तोही त्याच नांवाखालीं मोडूं लागला. इंग्रजींतला ‘पोटॅटो’ या शब्दाचाच भाऊ. उत्तर हिंदुस्थानानें नव्या पाहुण्यास ‘आलू’ हें घरांतलें जुनें नांव देऊन टाकलें. मराठीनें आपलें अळू वड्या आणि फतफतें यांकरितां राखून ठेवलें, आणि पाहुण्यास त्याच्या स्वतःच्या नांवानेंच हांक मारली. नांवांच्या या घोटाळ्यामुळें जुन्या प्रवासवर्णनांतील उल्लेख जपून घ्यावे लागतात. फ्रायर नांवाचा इंग्रज डॉक्टर १६७५ मध्यें जुन्नरास येऊन गेला. त्याच्या ग्रंथांत ‘पोटॅटो’ आढळतो. परंतु सतराव्या शतकांतला इंग्रज रताळ्यासही त्याच नांवानें ओळखीत असे. तेव्हां तेवढ्यावरून आपल्या बटाट्याची जन्मतिथि मांडणें धाडसाचें होईल.

दख्खनच्या शेतांत बटाटा खरा रुजला तो एकोणिसाव्या शतकांत. इंग्रजांनीं १८२८-२९ च्या सुमारास वसविलेल्या महाबळेश्वरास चिनी कैद्यांकडून इतर भाजीपाल्याबरोबर बटाटेही पिकवून घेतले जात. पण नगरकरांच्या दृष्टीनें महत्त्वाचे ते जुन्नर आणि खेड हे शेजारच्या पुणें जिल्ह्यांतील तालुके. तेथें हें पीक कुणब्याच्या हातीं गेलें, आणि एकदां तें कुणब्याच्या हातीं गेल्यावर साहेबाच्या टेबलावरची चैन न राहतां बाजारची भाजी झालें. निजामशाहीची गादी प्रथम जुन्नरास होती व मागाहून नगरास आली, हें वाचकांस ठाऊक आहेच. बटाट्यानेंही शेजारचा तोच मुलूख आपली जहागीर म्हणून निवडावा, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो.

आतां खरा प्रश्न. परदेशांतून आलेल्या, म्लेंच्छ नांव धारण करणाऱ्या या कंदास एकादशीच्या पंक्तींत बसवलें कोणी? पाणी, मूळ, फळ, दूध वगैरे आठ गोष्टींनीं व्रतभंग होत नाहीं, असें एक जुनें वचन आहे. बटाटा शिरला तो यांतील ‘मूळ’ या दारानें. वनस्पतिशास्त्राचा कडक पंडित येथें हरकत घेईल कीं, बटाटा हें मूळ नव्हेच. तें जमिनीखालीं फुगलेलें खोड आहे, आणि त्याचे ‘डोळे’ म्हणजे त्या खोडावरच्या कळ्या. खरें मूळ तें रताळें. पण हा खटला वनस्पतिशास्त्राच्या कोर्टांत चाललाच नाहीं. तो चुलीपुढें चालला. जमिनींतून निघतें, धान्य नव्हे, आणि उकडलें तर पोरांबाळांचें पोट भरतें, एवढ्या पुराव्यावर आमच्या आज्यापणज्यांनीं निकाल दिला. हा निकाल आंधळेपणाचा होता असें मात्र कोणीं समजूं नये. टोमॅटो व कोबी हेही परदेशीच. त्यांस बहुतेक घरांतून उपवासाच्या ताटाबाहेर ठेवण्यांत आलें तें आजतागायत. हळद आणि मोहरी तर पिढ्यान् पिढ्या मुरलेल्या, तरी त्यांस त्या दिवशीं फोडणींत जागा नाहीं. म्हणजे घरचें कीं बाहेरचें, हा त्या कोर्टापुढचा मुद्दाच नव्हता. ज्यांनीं एवढा मोठा धर्मनिर्णय केला, त्यांतल्या एकीचेंही नांव कोणत्या बखरींत नाहीं.

या कोशिंबिरीचा दुसरा आधार दहीं. तें निःसंशय आपलें. पण दाट दहीं सर्वांच्या वांट्यास सदैव आलें असें नाहीं. नगर हा अवर्षणाचा जिल्हा. १८७६-७७ चा दुष्काळ येथें पडला, १९७२ चाही पडला. आणि जेथें कडबा संपतो तेथें विरजणही संपतें. प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ मध्यें पुरें झालें, कालव्यांखालीं ऊंस आला, हिरवा चारा आला, आणि पुढें संकरित गाई व दूधसंघही आले. आज राज्यांतील दुधाच्या मोठ्या जिल्ह्यांत नगरची गणना होते. कोशिंबिरीचा जो सायीसारखा मऊपणा आपण सहज गृहीत धरतों, त्याच्या मागें पाटाचें पाणी उभें आहे.

या पदार्थाची एक दूरची बहीणही नगरच्या वेशीपर्यंत येऊन गेली. १८०३ च्या ऑगस्टांत वेल्स्लीनें किल्ला घेतला, व पुढें शहराबाहेर लष्कराची छावणी वसली. दोन्ही महायुद्धांत जर्मन व ऑस्ट्रियन लोकांस सरकारनें नगरास आणून कोंडलें होतें. पुढें देहराडूनच्या छावणींतून निसटून तिबेट गांठणारा गिर्यारोहक हाइनरिश हारर हाही १९३९ मध्यें पकडला गेल्यावर कांहीं काळ येथेंच होता. बटाट्याचें सॅलड हें या लोकांचें अगदीं घरगुती अन्न. नाताळच्या आदल्या रात्रीं कित्येक जर्मन घरांत दुसरें कांहीं शिजत नाहीं. बटाट्याचें सॅलड आणि सॉसेज, संपलें. दक्षिण जर्मनींत तें मांसाच्या रश्शांत व व्हिनेगरांत कालवतात, उत्तरेकडे मेयोनेझांत, म्हणजे अंड्याच्या बलकांत थेंबथेंब तेल घोटून केलेल्या दाट सॉसांत. त्यांचाही एक व्रतस्थ दिवस, त्यांच्याही ताटांत पेरूचाच कंद! तारेच्या कुंपणाआड त्या सॅलडाची आठवण काढणारा कैदी, आणि अर्ध्या कोसावरच्या वाड्यांत एकादशीचे बटाटे सोलणारी गृहिणी, यांस एकमेकांची वार्ताही नव्हती.

आज मेयोनेझची बाटली नगरच्या किराणा दुकानांतही मिळते, आणि तरुण मंडळी तिच्यांत बटाटे कालवून खातात. त्यावर परकेपणाचा आरोप करणाऱ्यांनीं आपल्या कोशिंबिरीची वर दिलेली वंशावळ एकवार वाचावी. आमची तक्रार निराळी आहे: दह्यानें जें काम अधिक नाजूकपणें होतें, त्यास बाटली कशाला? मात्र दह्याचें तंत्र सांभाळावें लागतें. बटाटे सालीसकट, गार पाण्यांत टाकून उकडावे. शीतगृहांत फार दिवस राहिलेला बटाटा गोडसर होतो, तो घेऊं नये. फोडी पुऱ्या निवल्याशिवाय दह्यास हात लावूं नये, नाहींतर दहीं फुटतें. दहीं अर्धा तास फडक्यांत टांगावें. अगदीं चक्का होऊं देऊं नये. मीठ फोडींस आधीं चोळावें, दह्यांत घालूं नये, कारण मिठानें दह्यास पाणी सुटतें. ताजी साय असल्यास दोन चमचे फेटून घालावी. दाण्याचें कूट जाडसर असावें, आणि फोडणी वाढण्याच्या ऐन वेळीं.

कोथिंबीर उपवासास चालते कीं नाहीं, या प्रश्नावर जिल्ह्यांत अद्याप एकमत झालेलें नाहीं. आमच्या माहितीच्या एका घरांत कोशिंबीर एकाच पातेल्यांत होते. सासूबाईंची वाटी आधीं काढून ठेवतात, आणि मग उरलेलीवर सूनबाई कोथिंबीर पेरतात.