अश्वकांस्यशिल्प (एकोणिसावे शतक)

अश्वकांस्यशिल्प म्हणजे घोडा किंवा घोडेस्वार हा विषय घेऊन कांस्यात (ब्राँझमध्ये) ओतलेले शिल्प. एकोणिसाव्या शतकात या प्रकाराची वाढ दोन वेगळ्या दिशांनी झाली. एकीकडे राजे व सेनापती यांची चौकाचौकांत उभी राहिलेली भव्य अश्वारूढ स्मारके होती. दुसरीकडे मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात ठेवता येतील अशी हात-दीड हात उंचीची लहान शिल्पे होती. स्मारके शहराच्या मालकीची असल्याने बाजारात सहसा येत नाहीत. कलाबाजारात विकली जाणारी, संग्राहक ज्यांच्यासाठी चढाओढ करतात आणि ज्यांच्या नकलाही सर्वाधिक होतात ती शिल्पे दुसऱ्या प्रकारातील आहेत. या लहान शिल्पांचे मुख्य केंद्र पॅरिस हे होते.

स्मारकशिल्पे

घोड्याचे अवजड धड चार बारीक पायांवर तोलणे ही अश्वशिल्पातील जुनी अडचण आहे. घोडा मागच्या दोन पायांवर उभा दाखवायचा असेल तर ती अधिकच बिकट होते. प्येत्रो ताक्का या इटालियन शिल्पकाराने इ.स. १६४० मध्ये माद्रिद येथील चौथ्या फिलिपच्या पुतळ्यात ती सोडवली होती. एकोणिसाव्या शतकात हे आव्हान पुन्हा पुन्हा स्वीकारले गेले. क्लार्क मिल्स याचा वॉशिंग्टन येथील अँड्र्यू जॅक्सनचा पुतळा (१८५३), आंटोन फेर्नकोर्न याचा व्हिएन्नातील आर्चड्यूक कार्लचा पुतळा (१८६०) आणि प्योत्र क्लोट याचा सेंट पीटर्सबर्ग येथील पहिल्या निकोलसचा पुतळा (१८५९) ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. तिन्हींमध्ये सारा भार घोड्याच्या मागच्या पायांवर आहे. कलेच्या दृष्टीने मात्र क्लोटची कीर्ती या राजपुतळ्यापेक्षा आनिचकोव्ह पुलावरील घोडे आवरणाऱ्या तरुणांच्या शिल्पांवर अधिक उभी आहे, आणि ते रास्तही आहे.

एमानुएल फ्रेमिए याने पॅरिससाठी केलेला जोन ऑफ आर्कचा पुतळा १८७४ मध्ये उभा राहिला. स्वार लहान व घोडा बोजड, अशी टीका त्यावर झाली. फ्रेमिएने पुढे नान्सी शहरासाठी सुधारित आवृत्ती केली आणि १८९९ मध्ये पॅरिसमधील मूळ पुतळाही बदलला.

लहान शिल्पे आणि बारी

या शाखेचा प्रवर्तक आंत्वान-लुई बारी (१७९५–१८७५) हा मानला जातो. सोनाराच्या कामात तयार झालेला हा कलावंत पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात तासन्‌तास प्राण्यांचे निरीक्षण करी व मृत प्राण्यांच्या शरीराची मापे घेई. त्याच्यासारख्यांना समीक्षकांनी ‘आनिमालिए’ म्हणजे प्राणिशिल्पी असे नाव दिले. आरंभी त्यात तुच्छता होती, कारण तत्कालीन अकादमीच्या श्रेणीत प्राणी हा हलका विषय समजला जाई.

राजपुत्र ड्यूक ऑफ ऑर्लेआं याने १८३४ मध्ये बारीकडे भोजनाच्या मेजावर मांडण्याचा शिल्पसमूह सोपवला. त्यात वाघ, सिंह, अस्वल, रानबैल व सांबरासारखा एल्क यांच्या शिकारीची पाच मोठी दृश्ये होती. वाघाची शिकार हत्तीवरील भारतीय शिकाऱ्यांची आहे, तर सिंहाच्या व रानबैलाच्या दृश्यांत घोडे व स्वार जनावराशी भिडलेले दिसतात. १८३७ च्या सालों प्रदर्शनाच्या परीक्षकांनी हे काम नाकारले. त्यानंतर बारीने बरीच वर्षे तेथे काही पाठवले नाही व आपली शिल्पे स्वतःच ओतून, किंमतसूची छापून विकण्याचा मार्ग धरला.

हा मार्ग महागात पडला. एकेक प्रत स्वतः घासून-तपासून देण्याच्या त्याच्या पद्धतीत खर्च फार व नफा थोडा होता. १८४५ मध्ये एमिल मार्तां याच्याशी त्याने भागीदारी केली. १८४८ च्या आर्थिक पडझडीत ती कोलमडली आणि कर्जापोटी साचे व नमुने मार्तांच्या ताब्यात गेले. ते १८५७ मध्ये बारीला परत मिळाले. मधल्या काळातील प्रती शिल्पकाराच्या देखरेखीशिवाय निघाल्या, म्हणून आजही संग्राहक त्यांना वेगळे मोजतात. ‘तुर्की घोडा’, ‘घोडा आवरणारा तार्तर योद्धा’ आणि ‘विजयी सातवा चार्ल्स’ ही त्याची महत्त्वाची अश्वशिल्पे होत.

मेन, बॉनर व इतर

पिएर-ज्यूल मेन (१८१०–१८७९) याने मात्र व्यवसाय उत्तम सांभाळला. धातूकाम करणाऱ्या बापाचा हा मुलगा १८३८ पासून स्वतःची ओतशाळा चालवी. एका अरबी घोड्याने घोडीच्या मानेवर मान टाकली आहे असे ‘लाकोलाद’ (आलिंगन) हे त्याचे शिल्प १८५२ च्या सालोंमध्ये मेणात मांडले गेले. नंतर ते कांस्यात अनेक आकारांत निघाले आणि त्या शतकातील सर्वांत लोकप्रिय अश्वशिल्पांपैकी एक ठरले. बारीच्या प्राण्यांत झुंज व भय असते, तर मेनच्या घोड्यांत पाळीव प्राण्याचा डौल दिसतो. ग्राहकाला घरात दुसरेच अधिक रुचे. ईझिडोर बॉनर (१८२७–१९०१) हा चित्रकर्ती रोझा बॉनर हिचा भाऊ. शर्यतीच्या घोड्यांवरील जॉकींच्या शिल्पांसाठी तो ओळखला जातो.

अमेरिकेत फ्रेडरिक रेमिंग्टन याने १८९५ मध्ये उधळलेल्या घोड्यावरील काऊबॉय दाखवणारे ‘ब्राँको बस्टर’ केले. एडवर्ड मायब्रिजच्या १८७८ च्या छायाचित्रांनी दौडत्या घोड्याचे पाय प्रत्यक्षात कसे पडतात हे तोवर सर्वांना कळले होते. त्याआधीच्या शिल्पांत व चित्रांत चारही पाय पुढे-मागे ताणून उडणारा घोडा हा केवळ संकेत होता. तरीही जुनी शिल्पे खोटी वाटत नाहीत, यात कलेचा मोठाच भाग आहे.

ओतकाम व प्रती

लहान शिल्पांसाठी फ्रान्समध्ये प्रामुख्याने वाळूच्या साच्याची पद्धत होती. आपल्याकडे ‘मधूच्छिष्टविधान’ म्हणून परिचित असलेली मेणसाच्याची पद्धत मागे पडली होती. ओनोरे गोनों याने ती बारीच्या काही कामांसाठी पुन्हा वापरली. वाळूच्या पद्धतीत आधी कांस्याचाच एक मूळ नमुना सुट्या भागांत करतात व त्यावरून हव्या तितक्या प्रती काढतात. प्रत ओतल्यावर सांधे जुळवणे, छिन्नीने आयाळ व शिरा स्पष्ट करणे आणि रसायनांनी पृष्ठभागाला तपकिरी, हिरवी वा काळी छटा देणे ही कामे हाताने होत. या छटेला पाटीना म्हणतात. आशिल कोला याने १८३६ च्या सुमारास शिल्पाची प्रमाणबद्ध लहान आवृत्ती करणारे यंत्र तयार केले आणि १८३८ मध्ये फेर्दिनां बार्बदिएन याच्याशी भागीदारी करून त्याचा व्यापारी उपयोग सुरू केला.

बाजारमूल्य

या शिल्पांच्या किमतीचा गुंता एका गोष्टीत आहे: ‘मूळ’ शिल्प एकच नसते. आज फ्रेंच करनियमांत मूळ कांस्याच्या ८ क्रमांकित प्रती व कलावंताच्या ४ प्रती अशी मर्यादा आहे. एकोणिसाव्या शतकात अशी मर्यादा नव्हती. मागणी असेपर्यंत प्रती निघत. म्हणून शिल्पावरील सही तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण सही नमुन्यातच कोरलेली असते व प्रत्येक प्रतीत आपोआप उतरते.

किंमत ठरते ती प्रत कोणी, केव्हा व किती काळजीने काढली यावर. शिल्पकाराच्या हयातीतील, त्याच्या स्वतःच्या ओतशाळेतील प्रत सर्वांत मोलाची. बारीच्या मृत्यूनंतर १८७६ मध्ये पॅरिसच्या ओतेल द्रुओ येथे त्याच्या नमुन्यांचा लिलाव झाला व त्यांतील बरेच बार्बदिएनने घेतले. बार्बदिएनच्या प्रती कायदेशीर व सुबक आहेत, पण बारीच्या हातच्या नाहीत. त्यामुळे त्यांना कमी भाव येतो. मेनचे नमुने जावई ओग्युस्त कें याच्याकडे व पुढे स्यूस या ओतशाळेकडे गेले. विसाव्या शतकात निघालेल्या प्रती भावाच्या उतरंडीत आणखी खाली येतात.

सर्वांत खाली असतात त्या तयार प्रतीवरूनच साचा घेऊन केलेल्या नकला. कांस्य थंड होताना साधारण दीड टक्का आकसते. त्यामुळे नक्कल मूळ प्रतीपेक्षा किंचित लहान भरते, तिचे बारकावे पुसट होतात. प्रमाणित प्रतीशी मापे ताडून पाहणे ही म्हणूनच जाणकारांची पहिली कसोटी आहे. कांस्याचा रंग दिलेली जस्ताची शिल्पेही त्या काळी स्वस्तात विकली जात. तळाशी ओरखडा काढल्यास पिवळसर धातूऐवजी राखाडी धातू दिसतो. फ्रान्समध्ये १९८१ च्या आदेशानुसार नंतरच्या प्रतींवर ‘प्रतिकृती’ असा उल्लेख सक्तीचा आहे, परंतु जगभर विकल्या जाणाऱ्या नकलांवर तो क्वचितच आढळतो. रेमिंग्टनच्या शिल्पांच्या असंख्य आधुनिक प्रतिकृती भेटवस्तू म्हणून खपतात व कालांतराने जुन्या म्हणून विक्रीला येतात.

मूळ पाटीना हा किमतीचा दुसरा मोठा घटक. घरच्या घरी चकाकी आणण्यासाठी घासलेले शिल्प आपले बरेच मूल्य एका दिवसात गमावते, व ते पुन्हा रंगवून परत येत नाही.

बारीची शिल्पे एकत्र पाहायची तर बाल्टिमोर येथील वॉल्टर्स कलासंग्रहालय महत्त्वाचे आहे. विल्यम वॉल्टर्स या व्यापाऱ्याने ती शिल्पकाराच्या हयातीतच जमवण्यास आरंभ केला होता. ऑर्लेआंच्या मेजावरील वाघाची शिकारही तेथेच आहे.

भारतातील उदाहरणे

ब्रिटिश काळात भारतात आलेली अश्वशिल्पे बहुतेक स्मारकस्वरूपाची होती. फ्रान्सिस चँट्री याचा चेन्नई येथील सर थॉमस मन्रो यांचा पुतळा (१८३९) रिकिबीविना असल्याबद्दल प्रसिद्ध आहे. मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे सातवा एडवर्ड) याच्या १८७५–७६ च्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी जोसेफ एडगर बोहम या शिल्पकाराकडून अश्वारूढ पुतळा करवून घेतला. त्याच्या काळसर रंगावरून परिसराला ‘काळा घोडा’ हे नाव पडले. पुतळा १९६५ मध्ये हलवून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात नेण्यात आला, नाव मात्र टिकले. २०१७ मध्ये त्या परिसरात स्वार नसलेल्या काळ्या घोड्याचे नवे शिल्प बसवण्यात आले.