हरिश्चंद्रगडाची दंतकथा : एक तळटीप

१. ‘चौथा खांब’ : संदर्भ हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वर लेण्याचा आहे. हा गड अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात असून त्याचे सर्वोच्च टोक, तारामती शिखर, सुमारे १४२४ मीटर उंच आहे. सत्यवचनी राजा हरिश्चंद्राचे नाव गडाला, राणी तारामतीचे एका शिखराला आणि पुत्र रोहिदासाचे दुसऱ्या शिखराला देऊन लोकांनी पुराणातले अख्खे कुटुंब या डोंगरावर नांदवले आहे. लेण्यात कमरेएवढ्या गार पाण्यात मोठे शिवलिंग आहे. त्याच्या भोवतीच्या चार खांबांपैकी एकच आज अखंड उभा आहे. हे खांब म्हणजे चार युगे. उरलेला कलियुगाचा, तो पडला की युगान्त होणार, अशी समजूत परिसरात प्रचलित आहे.

ही कथा कालनिर्णयाचा पुरावा नव्हे. त्यासाठी गडावरील हरिश्चंद्रेश्वर मंदिराची दगडी घडण, तेथील कोरीव लेख आणि योगी चांगदेवांचा ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ पाहावा लागतो. त्या ग्रंथात हरिश्चंद्र पर्वताचा उल्लेख आहे. म्हणजे गडाची तटबंदी ढासळण्याच्या कितीतरी आधीपासून हे स्थान तपश्चर्येचे होते. तरीही दंतकथा गाळून गडाचे वर्णन पूर्ण होत नाही. तुटलेल्या खांबांना अर्थ देऊन लोकांनी या अवशेषांशी नाते टिकवले, म्हणून मूळ पाठातील हा भाग येथे जसाच्या तसा ठेवला आहे. — संपा.