आबांची बैलजोडी आणि माझी फटफटी

माझ्या लहानपणी फटफटीचा आवाज आला की कोण आलं ते गाव न बघता सांगायचं. नळदुर्गाहून येणारा डॉक्टर, नाहीतर ग्रामसेवक. दोघांकडं राजदूत. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं, मागं निळा धूर सोडीत ती जायची. आम्ही पोरं त्या धुरामागं पळायचो. शेतकऱ्याच्या दारात मात्र बैलगाडी, फार तर सायकल.

1984 साली हिरो सायकलवाले आणि जपानची होंडा कंपनी एकत्र आली. पुढच्या साली त्यांची सीडी 100 निघाली. फोर-स्ट्रोक गाडी, ऑइल मिसळायची कटकट नाही, थोड्या पेट्रोलवर लांब पळायची. पण आमच्या भागातल्या बऱ्याच घरांत ती लग्नाच्या यादीतूनच आली. हुंडा घेणं 1961 पासून गुन्हा आहे. म्हणून यादीवर 'हुंडा' कुणी लिहीत नसे, 'गाडी' लिहीत.

1988 ला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. याद्यांच्या बैठकीत पाव्हणे म्हणाले, "बाकी काय नको, पोराला तेवढी गाडी." आबांनी खिलार बैलजोडी विकली. त्या साली पेरणीला लोकांची बैलं मागून आणावी लागली. आपली पाळी येईस्तोवर वाफसा गेला होता. आबा बांधावर नुसते बसून होते. तवा मी मनाशी ठरवलं, या गाडीला हात लावायचा नाही. तेहतीस वर्षं एसटीनं फिरलो, नाहीतर कुणाच्यातरी मागं बसून.

2021 च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला, तो पार पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. बायकोला शुगर, औषध तुळजापूरहून आणायचं, पोरगा पुण्याला. शेजाऱ्यानं दोनदा नेलं. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडावरच दिसलं. मागं बसणाऱ्याला स्वतःची वेळ नसते.

मग साठाव्या वर्षी 18 हजारांना जुनी स्प्लेंडर घेतली, एमएच 25 पासिंगची. क्लच, गिअर पुतण्यानं शिकवलं. पण हाताला सवय कासऱ्याची. बैल उधळला की कासरा मागं ओढायचा, बैल थांबतो. घाबरून मी मूठ तशीच मागं ओढली, तर गाडी जास्तच उधळली आणि मला घेऊन तुरीत शिरली. गुडघा फुटला. बायको हसली, मग हळद घेऊन आली. चाळिशी उलटली म्हणून डॉक्टरचा दाखला जोडून लायसन काढलं.

2022 च्या पंचमीला लोहारा तालुक्यात बहिणीला आणायला गेलो. ती मागं बसली. बरंच अंतर गप होती. मग म्हणाली, "दादा, पहिलं वर्षभर मी त्या गाडीवर बसले नव्हते. आबांची बैलं दिसायची. आन तू गाडीला शिवत नव्हतास, मला वाटायचं, तू मलाच दोष देतोस."

मी गाडी बाजूला घेतली. माझा राग गाडीवर, यादीवर होता. पण तिला हे एकदाही बोललो नव्हतो. आबा गेले तरी बोललो नव्हतो. तिथंच लिंबाखाली उभं राहून बोललो.

आता औषध वेळेवर येतं. आन महिन्यातून एकदा लोहाऱ्याकडं चक्कर असते, काम असो नसो.